तिसऱ्याला दिलेली जागा

दवाखान्यातून येताना सुट्या भागांच्या दुकानातून एक पार्सल घेऊन ये, एवढंच नवऱ्यानं सांगितलं होतं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. असली कामं कुणी सांगितली की आपण संसाराला लागलो असं वाटायचं, म्हणून मी हौसेनं गेले.

दुकान बाजारामागच्या गल्लीत, तळघरात होतं. भिंतभर पत्र्याचे लहान लहान खण आणि प्रत्येकावर आतल्या मालाचा एकेक नमुना चिकटवलेला. दुकानदारानं डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. मी कुणाची कोण ते सांगितल्यावर म्हणाला, "अच्छा, लग्न झालं होय त्याचं. मला वाटलं त्या मशीनशीच लावतो की काय."

त्यानं खोका उघडून दाखवला. तळहाताएवढा बोर्ड, मधोमध एक काळी चौकोनी चिप. ही कोरी असते, तो सांगू लागला. आत कुठली तार कुठे जोडायची ते तुम्ही लिहून पाठवायचं, की ही तेच होऊन बसते. आज घड्याळ, उद्या कॉम्प्युटर. मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन म्हणाला, नव्या सुनेसारखी.

नवी सून कोरी असते हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं मी विचारलं. तो हसला आणि पार्सलला दोरी बांधू लागला. गाठ मारताना वर न बघता म्हणाला, "ते जुनं मशीन मात्र परत माझ्याकडे आणू नको म्हणावं."

"बिघडलंय का ते?"

"नाही. चांगलं चालतं."

"मग?"

"ठेवायला जागा नाही."

त्याच्या पाठीमागे एक अख्खी खोली होती. तिच्यातली फडताळं रिकामी होती.

ते जुनं मशीन आमच्या झोपायच्या खोलीत होतं. म्हणजे खरं तर आम्ही त्याच्या खोलीत झोपायचो. जाड कीबोर्डसारखा दिसणारा करड्या प्लॅस्टिकचा तो घरगुती कॉम्प्युटर. पूर्वी लोक असली मशिनं घरच्या टीव्हीला जोडायचे आणि कॅसेट लावून त्यांच्यात प्रोग्रॅम भरायचे. टीव्हीही त्याच काळातला, पाठीला कुबड असलेला. माझे सासरे आता नाहीत. नवरा लहान असताना त्यांनी ते कुणाकडून तरी वापरलेलं आणलं होतं. कुणाकडून ते सासूबाईंनाही माहीत नव्हतं. पडद्यावर उजेड नको म्हणून खोलीचे पडदे दिवसभर ओढलेले असायचे. तापलेल्या धुळीचा आणि तारा जोडताना वितळवलेल्या सोल्डरचा वास उशांना, चादरींना, माझ्या केसांना लागला होता. टीव्ही चालू असला की एक बारीक, उंच सूर खोलीभर तरंगायचा. तो बहुतेकांना ऐकू येत नाही. मला येतो, कारण माझं कामच ते आहे. मी कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची चाचणी घेते. माणसाला हेडफोन लावून बंद खोलीत बसवायचं, हळू हळू आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. ऐकणं आणि दाबणं यांच्यात प्रत्येकाचं आपापलं अंतर असतं. ते मला पाठ होऊन जातं.

नवरा त्या मशीनची हुबेहूब प्रतिकृती बनवत होता. त्याच्या आतल्या खास चिप्स आता कुठे मिळत नाहीत. एखादी गेली की मशीन कायमचं गेलं. म्हणून त्या सगळ्यांचं काम नव्या कोऱ्या चिपमध्ये लिहायचं आणि मग तिथून पुढे, जुन्यापेक्षा मोठं मशीन करायचं, असा त्याचा बेत होता. दुसऱ्या शहरात त्याला नोकरी मिळाली होती. तिथे दोन खोल्या भाड्यानं घेऊनही ठेवल्या होत्या. किल्ली माझ्या पर्समध्ये होती आणि मी ती दिवसातून एकदा तरी हातात धरून बघायची. "हे पूर्ण झालं की निघू," तो म्हणायचा. मला त्या घरातून बाहेर पडायचं होतं, आणि त्याच्यासकट. बाकी काही मागणं नव्हतं.

कारण सासूबाई. त्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. माझ्याशी त्या बोलायच्याच नाहीत, माझ्याविषयी बोलायच्या, माझ्यासमोर. "हिला विचार, अजून भात हवा का." "हिला तोंड आहे का नुसतं शोभेला लावलंय?" मी मुळात कमी बोलते, त्यांच्यापुढे तर आणखीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव मुकी ठेवलं. घरात तेच रुळलं. नवऱ्यालाही त्यात गंमत वाटायची. तो 'पूर्ण झालं की निघू' म्हणाला की त्या शांतपणे ताट उचलत म्हणायच्या, "व्हायचं नाही ते पूर्ण."

संध्याकाळी नवरा कामाला बसला की मी पलंगावर पाय दुमडून बघत बसायची. तो समजावून छान सांगायचा. मेमरी म्हणजे एकच स्वयंपाकघर समज, म्हणाला, आणि त्यात काम करणाऱ्या दोघी. एक प्रोसेसर, एक पडद्यावरचं चित्र काढणारी चिप. एका वेळी आत एकच. चित्रवालीचा मान आधी. ती आत असली की प्रोसेसरनं उंबऱ्याबाहेर थांबायचं.

"हे मला सांगायला नको," मी म्हणाले.

तो हसला. "पण गंमत अशी, की जो थांबतो त्याला आपण थांबलोय हे कळत नाही. त्याच्या लेखी मधे वेळ गेलेलाच नसतो."

एवढं सुख माझ्या नशिबी कुठलं, असं मी मनात म्हटलं.

प्रतिकृती चालू झाली, पण ती जुन्याच्या पुढे पळायची. दोन्ही मशिनांवर एकच प्रोग्रॅम एकाच वेळी सुरू केला तरी नवं आधी संपवायचं. त्याला कारण सापडेना. कारण मला ऐकू आलं. दोन्हीकडून एकच टिकटिक वाजवायला लावली होती, आणि जुन्याच्या टिकटिकीत मधूनच एक बारीक खाच होती, बोलता बोलता कुणीतरी श्वास घ्यावा तशी. मी ते सांगितलं. त्यानं जुन्या मशीनच्या पोटात सुया टोचून सगळ्या तारा तपासल्या. मी म्हणत होते ते खरं निघालं. अधूनमधून प्रोसेसर थांबत होता, चित्रवालीही थांबत होती आणि मेमरी तिसरंच कुणीतरी वापरत होतं. फक्त त्या तिसऱ्याकडून येणारी तार नव्हती. कुठेच नव्हती.

"मग कोण मागतंय?" मी विचारलं.

त्याला त्यात भीतीचं काही वाटलं नाही. या लोकांचा एक धर्मच असतो. जुनं मशीन जसं वागतं तसंच नवं वागलं पाहिजे. त्याच्या खोडी, त्याच्या चुका, सगळं जसंच्या तसं, कारण जुने प्रोग्रॅम त्या खोडींच्या भरवशावर चाललेले असतात. का ते कळायची गरज नाही. म्हणून त्यानं नव्या चिपमध्ये एक तिसरा भागीदार लिहून टाकला. त्याला काम काही नाही. आपली वेळ आली की आत जायचं, दार लावून घ्यायचं, थोड्या वेळानं बाहेर यायचं. दोन्ही मशिनं आता पावलाला पाऊल लावून चालू लागली. नवरा इतका खूश झाला की त्यानं मला उचलून गिरकी घेतली.

नंतर त्यानं सहज सांगितलं की लिहिलेलं सगळं चिपमध्ये बसवणारं सॉफ्टवेअर फार चिकट असतं. जो भाग कशालाच जोडलेला नाही, ज्याचा कशावरच परिणाम नाही, तो ते आपणहून काढून टाकतं आणि जागा वाचवतं. "तिसऱ्याला काढेल असं वाटलं होतं मला. नाही काढलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तो कशाला तरी जोडलेला आहे."

"कशाला?"

टीव्हीवर दोन्ही मशिनांची वर्तुळं एकाच वेळी पूर्ण होत होती आणि तो ती लहान मुलासारखा बघत होता.

मग आलं वाढवणं. जुन्यात होती त्याच्या कितीतरी पट मेमरी नव्या बोर्डावर होती. ती जोडताना त्यानं एक शहाणपणा केला. तिसरा इतरांच्या मध्ये मध्ये येतो, तर त्याला वेगळी मेमरी देऊन टाकू, स्वतःची, कुणी न वापरणारी. म्हणजे त्यालाही बरं आणि बाकीच्यांनाही. "त्याची त्याला खोली," तो म्हणाला.

मला मागून मिळाली नाही ती याला न मागता मिळाली, असं मी बोलून गेले. त्या रात्री... नाही, रात्र नव्हे, संध्याकाळच होती, दिवे लागायची वेळ. जुन्या टीव्हीचा सूर अचानक खाली उतरला. फार नाही, किंचित. आपली जागा मिळाल्यावर माणूस खुर्चीत नीट टेकून बसतो ना, तसा.

त्यानंतर घरातले लोक थांबायला लागले.

आधी मला वाटलं, माझा भास असेल. मी काही विचारलं की नवरा उत्तर देण्याआधी थांबायचा. विचार करत असल्यासारखा नाही. मधे कुणीतरी बोलतंय आणि त्याचं होऊ द्यावं, तसा. मग सासूबाईही. एकदा जेवताना मी मीठ मागितलं. दोघांचे हात एकदम ताटावर थांबले. दोघांनीही माझ्या डावीकडे पाहिलं, जिथे कुणी नव्हतं, आणि सासूबाई हसल्या. मोकळ्या, खळखळून. त्या अशा हसू शकतात हे मला ठाऊकच नव्हतं. मग दोघं पुन्हा जेवू लागले. मीठ कुणी दिलं नाही. मी उठून घेतलं.

हळूहळू माझ्या वाट्याचं बोलणं असं अधूनमधून कुठेतरी जायला लागलं. मी वाक्य पूर्ण करायची आणि ते कुणी ऐकलेलं नसायचं. मी तर आधीच मुकी. पण मुक्या माणसालासुद्धा कळतं, आपल्याकडे कुणी बघत नाहीये की आपल्या जागी दुसऱ्या कुणाकडे बघतंय.

तुझ्या कानात काहीतरी झालंय असं म्हणून मी नवऱ्याला एकदा दवाखान्यात नेलं. तो कुरकुरत आला. काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवला, हातात बटण दिलं. कान उत्तम होते त्याचे. हलक्यातल्या हलक्या आवाजाला त्यानं बटण दाबलं. पण मधेच, मी काहीही सोडलेलं नसताना, त्यानं पुन्हा दाबलं. मी हात आवरून धरले. पुन्हा दाबलं. मी यंत्र बंद करून टाकलं. काचेपलीकडे तो डोळे मिटून बसला होता, मान किंचित डावीकडे कललेली, आणि ठरावीक अंतरानं बटण दाबत होता. मला ते अंतर ओळखीचं होतं. ती खाच होती.

परत येताना रस्त्यात मी त्याला थांबवलं. म्हटलं, मशीन राहू दे, आपण उद्याच निघू. तो थांबला. मग जरा वैतागून म्हणाला, "काल एवढं बोललो ना आपण? तूच म्हणालीस, इथेच बरं आहे."

"मी म्हणाले?"

"किती वेळ समजावत होतीस मला. आईला एकटं नको टाकायला, म्हणालीस. मला बरं वाटलं तुझ्या तोंडून ऐकून."

मी असं म्हणाले नव्हते. माझ्या जिवावर बेतलं तरी म्हणणार नाही, असं ते वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी नवरा बाहेर गेलेला. मी चहाचा कप घेऊन मशीनसमोरच्या खुर्चीत बसले. करायचं काहीच नव्हतं, फक्त बघायचं होतं. पडद्याच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा येऊन पलंगाच्या पायाशी पडला होता. टीव्हीचा सूर चालू होता. नव्या बोर्डावरचा एक हिरवा दिवा उघडमीट करत होता. चहा गरम होता, मी कप ओठाला लावला.

कप थंड होता.

चहावर साय धरली होती. उन्हाचा पट्टा पलंगाच्या पायाशी नव्हता. तो भिंतीवर चढून लालसर झाला होता. मला डुलकी लागली नव्हती, मान अवघडली नव्हती, मधे काहीसुद्धा झालं नव्हतं. माझ्या लेखी वेळ गेलेलाच नव्हता. फक्त घसा दुखत होता. कोरडा पडला होता. दिवसभर बोलून पडतो तसा.

मी धडपडत बाहेर आले. सासूबाई स्वयंपाकघरात दोन कप विसळत होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलल्या.

"अशी बोलत जा ना गं. इतके दिवस उगाच मुकी म्हणत होते तुला. दुपार कशी गेली कळलंसुद्धा नाही."

"आई... मी काय बोलले?"

त्यांचा चेहरा हळूहळू पुन्हा बंद झाला. माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. मग हातातला कप पालथा घालत स्वतःशीच म्हणाल्या, "ही नव्हे..."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याशी भांडले नाही. भांडायला समोरचा पूर्ण हजर लागतो. तो हसत होता, मधे मधे थांबत होता, आणि माझ्या बाजूला बघत होता. मला कळून चुकलं की मी आणखी थोडे दिवस गप्प राहिले तर माझ्यावाचून याचं काही अडणार नाही. त्याची बायको त्याच्याजवळ असेलच.

तो पुन्हा सामान आणायला गेला त्या दुपारी मी त्याच्या टेबलाशी, तो चिपसाठी लिहायचा त्या लॅपटॉपसमोर बसले. सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या. इतके दिवस पलंगावरून बघून बघून कुठे काय लिहिलंय ते मला ठाऊक झालं होतं. मी उन्हाच्या पट्ट्यावर एक डोळा ठेवला. तो उडी मारतोय का एवढंच बघत होते. तिसऱ्याची वेळ जिथे वाटून दिली होती ती ओळ सापडली. त्याच्या वेगळ्या मेमरीची ओळ सापडली. मी दोन्ही पुसल्या.

मागून साबणाचा वास आला. माझ्या साबणाचा. पण मी तर सकाळी अंघोळ केली होती, आणि हा वास ओला होता, आत्ताच बाहेर आल्यासारखा. मी मान वळवली नाही. टीव्हीचा सूर चढत गेला, दातात शिरला. माझ्या डाव्या कानाजवळ हवा जराशी गरम झाली.

"थांब ना..." कुणीतरी म्हणालं. रागानं नाही. आत काम करत असलेल्या बाईनं दारातल्या बाईला म्हणावं तसं. "माझं व्हायचंय अजून..."

मी चिपमध्ये भरायचं बटण दाबलं.

सॉफ्टवेअर बराच वेळ चालू राहिलं. मग शेवटी नेहमीचा हिशेब पडद्यावर आला, चिपची किती जागा भरली, किती मोकळी. तिसऱ्याला काढल्यावर मोकळी जागा वाढायला हवी होती. ती जराही वाढली नव्हती. मी ते वाचलं आणि लॅपटॉपवरची ती खिडकी बंद करून टाकली. टीव्ही क्षणभर काळा झाला, परत उजळला. वास गेला. उन्हाचा पट्टा होता तिथेच होता.

नवरा आला तो दारातच पिशवी ठेवून माझ्याकडे बघत राहिला. खूप दिवसांच्या तापातून उठलेल्या माणसासारखा चेहरा. मी म्हटलं, आपण... माझं वाक्य पूर्णही होऊ न देता तो म्हणाला, "निघू या. कंटाळा आला मला इथे." मधे काही नाही. श्वासाएवढंही नाही. मी तिथेच खाली बसून रडले.

दोन दिवसांत सामान बांधलं. मशिनांकडे त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही, राहू देत इथेच म्हणाला. सासूबाईंनी अडवलं नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. "चालू राहू देत. मी बघते त्यांच्याकडे," एवढंच म्हणाल्या. आम्ही जिना उतरायच्या आत त्यांनी दार लावून घेतलं. घाईत होत्या, आत कुणाला तरी ताटकळत ठेवल्यासारख्या.

इथे आल्यापासून सगळं ठीक आहे. दोन खोल्या, त्यांना भरपूर उजेड, पडदे मी अजून घेतलेलेच नाहीत. नवरा माझं बोलणं मधेच तोडतो, माझ्या आधी हसतो, मी सांगत असलेली गोष्ट स्वतःच संपवतो. दुसऱ्या बायकांना याचा राग येतो. मला नाही येत.

आज दुपारी त्याच्या ऑफिसातून त्याचं एक जुनं प्रमाणपत्र मागितलं. ते तिकडच्या कपाटात राहिलं होतं. तो कामात होता, म्हणून फोन मी केला. एकदाही केला नव्हता आजवर. सासूबाई त्याच्याशीच काय ते बोलायच्या.

फोन उचलला तेव्हा त्या हसत होत्या. हसू आवरत त्यांनी कोण म्हणून विचारलं.

"मी, आई."

"मी कोण?"

मी नाव सांगितलं. मग त्यांचा तो जुना आवाज, ज्यात माझ्याविषयी बोलायच्या. "काय चेष्टा लावलीय? कोण बाई आहात तुम्ही? माझी सून इथे माझ्यासमोर बसलीय. रोज दुपारी असते."

त्यांनी फोन तोंडापासून दूर धरला तरी ऐकू येत होतं. माझे कान चांगले आहेत. "बघ गं, कोण आहे. तुझं नाव सांगतेय."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. त्या घराच्या कोपऱ्यात टीव्हीचा तो बारीक सूर चालू होता. मग पलीकडून बाईचा आवाज आला. तो मी चाचणीच्या ध्वनिमुद्रित सूचनांमध्ये रोज ऐकते. माझाच आहे तो. फक्त जरा जास्त मोकळा, जास्त गप्पिष्ट, माणसांना आवडेल असा.

"आईंकडे नको लक्ष देऊस," ती म्हणाली. "तू बरी आहेस ना? आणि तो?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला.

"किती वाजता येतो गं तो घरी?"

मी वेळ सांगितली. का सांगितली, मला सांगता येणार नाही. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर द्यायची वेळ माझी होती, एवढंच आठवतं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी हे लिहीत बसले आहे. मधे काही निसटलं नाही ना, ते बघायला प्रत्येक ओळ पुन्हा वाचते आहे. बाहेर उजेड उतरलाय, मी दिवा लावलाय. त्याची यायची वेळ झाली.

आत्ता खाली दार वाजलं. तो जिना चढतो आहे, कुणाशी तरी बोलत, हसत. त्याची पावलं मला ओळखू येतात.

त्याच्या बरोबरचीही येतात.